जुन्या ८०० चं कॉम्प्रेशन : १५०, १४८ आणि ११२. इंजिन खोलायचं का?

संथगती

गाडी मारुती ८००, १९९८ची, कार्ब्युरेटरवाली, एलपीजी किट बसवलेली. गाडी पुण्यात असते. आयडलिंगला थरथरते, चढावर दम कमी पडतो. धूर नाही, ऑइल खात नाही, पाणी कमी होत नाही. गॅरेजमध्ये ऐकायला मिळालं, "इंजिन संपलंय, बोअर करून रिंग-पिस्टन टाका." म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करायचे आणि नवे पिस्टन, त्यांच्याभोवतीच्या दाब अडवणाऱ्या नव्या रिंगा घालायच्या. खर्चात पडण्याआधी कॉम्प्रेशन गेज (पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो ते मोजणारा) लावला.

एक नंबर (टायमिंग बेल्टच्या बाजूचा) १५०, दोन नंबर १४८, तीन नंबर ११२. सगळे पीएसआय.

तीन नंबर कमी आहे हे दिसतंच आहे. पण बोअर करण्याइतकं आहे का? आणि १५० तरी चांगलं म्हणायचं का?

टॅपेटकव्हर

आकड्यांवर बोलण्याआधी ते कसे घेतले ते सांगा. चुकीच्या पद्धतीने घेतलेलं रीडिंग न घेतलेल्यापेक्षा वाईट, कारण त्यावर विश्वास बसतो. कार्ब्युरेटरच्या ८०० ला मी अशी टेस्ट करेन :

बॅटरी पूर्ण चार्ज हवी. गाडी उभी असताना १२.५ व्होल्टच्या आसपास, आणि सेल्फ मारताना १० च्या खाली जायला नको. सेल्फ संथ फिरला की तिन्ही आकडे खाली येतात आणि बिचाऱ्या रिंगांवर खापर फुटतं.

रेडिएटरचा फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत इंजिन गरम करा. मग बंद करून पाचेक मिनिटं थांबा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, फार तापलेल्या हेडातून (सिलिंडरांवरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागातून) प्लग काढताना आटे खराब होतात. प्लग काढण्याआधी भोवतीची धूळ हवा मारून उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते आणि खडा नेमका व्हॉल्व्हच्या सीटवर (व्हॉल्व्ह बंद झाला की टेकतो त्या जागेवर) अडकतो.

तिन्ही प्लग काढा. एकच काढून मोजू नका, बाकीच्या दोन सिलिंडरांच्या दाबाने सेल्फ अडखळतो. प्लग क्रमाने मांडून ठेवा, त्यांचे चेहरेही बघायचे आहेत.

इग्निशन कॉइलच्या प्लसची वायर काढा. मधली जाड हाय टेन्शन वायर नुसती उपटून लटकती ठेवली तर कॉइल जायची भीती असते आणि ठिणगी पडली तर पेट्रोलची वाफ पेटते. तुमचं गॅस किट आहे, म्हणजे चेंजओव्हर स्विच मधे ठेवला की पेट्रोल आणि गॅस दोन्ही बंद होतात. कार्ब्युरेटरच्या बाऊलमधलं पेट्रोल आधी गाडी चालू ठेवून संपवा. नाहीतर सेल्फ मारताना पेट्रोल आत जाऊन बोअरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं.

चोक पूर्ण उघडा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि तसाच धरा. अ‍ॅक्सिलरेटर पंप करू नका. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेलं रीडिंग कमी येतं. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

गेजचा अडॅप्टर हाताने घट्ट करा, पाना नको. ओ-रिंग शाबूत हवी. प्रत्येक सिलिंडरला सहा ठोके (सेल्फ मारताना काटा सहा वेळा उडेपर्यंत), ना कमी ना जास्त. पहिल्या ठोक्याला काटा कुठे गेला ते वेगळं लिहा आणि शेवटचा आकडा वेगळा लिहा. गेजमधला दाब सोडून प्रत्येक सिलिंडर दोनदा घ्या. दोन वेळांत पाचपेक्षा जास्त फरक आला तर अडॅप्टर गळतोय. सेल्फ सलग दहा सेकंदांच्या वर मारू नका, मधे मिनिटभर विश्रांती द्या.

संथगती

थ्रॉटल बंद होता आणि इंजिन गार होतं. उद्या परत घेतो.

घाटमाथा

तोवर १५० चांगलं की वाईट याबद्दल. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. हवेचा दाबच मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी, तेवढंच कॉम्प्रेशनही कमी. मुंबईत १६० दाखवणारं इंजिन पुण्यात १५० दाखवेल आणि महाबळेश्वरला १३६ च्या आसपास. इंजिन तेच. नेटवरचे आकडे वाचून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

म्हणून एकट्या आकड्याला फार किंमत देऊ नका. गेज बदलला, बॅटरी बदलली, गाव बदललं की तो बदलतो. एकाच गेजने, एकाच बैठकीत घेतलेल्या सिलिंडरांमधला फरक मात्र खोटं बोलत नाही. सुझुकीच्या त्या काळातल्या बऱ्याच मॅन्युअलांत कोणत्याही दोन सिलिंडरांत चौरस सेंटिमीटरला १ किलोपेक्षा, म्हणजे १४ पीएसआयपेक्षा जास्त फरक नको असं दिलेलं असतं. इतर कंपन्या साधारण १० ते १५ टक्के धरतात. १५० आणि ११२ मधला फरक कुठल्याच मापात बसत नाही.

गेजबहाद्दर

गेजबद्दल थोडं, कारण यावर कुणी बोलत नाही. स्वस्त गेजांत रबरी पाइप असतो आणि एकमार्गी व्हॉल्व्ह गेजच्या बाजूला बसवलेला असतो. मग पाइपमधली पोकळी कंबशन चेंबरमध्ये मिळते.

हिशोब करा. ८०० चं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, म्हणजे एकाला २६५ सीसी. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची जागा) ८.७ धरला तर पिस्टन वर असताना उरलेली जागा ३४.५ सीसी. पाइपने त्यात ५ सीसीची भर घातली की रेशो थेट ७.७ वर आला. इंजिन छोटं तितका हा घोटाळा मोठा. तोच गेज दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाला लावला तर फरक जेमतेम जाणवेल.

म्हणून एकमार्गी व्हॉल्व्ह अडॅप्टरच्या टोकाला, प्लगच्या बाजूला असलेला गेज घ्या. आणि तो व्हॉल्व्ह खराब झाला तर टायरच्या व्हॉल्व्हची पिन काढून त्यात घालू नका. दिसायला सारखीच असते, पण तिची स्प्रिंग कडक असते आणि ती उघडण्यातच बराच दाब खर्च होतो. कॉम्प्रेशन गेजची पिन वेगळी, नरम स्प्रिंगची मिळते.

प्लगच्या आट्याची लांबीही जुळली पाहिजे. आखूड अडॅप्टर चालून जातो, पण लांब घातला तर पिस्टन किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो.

संथगती

परत घेतलं. गरम इंजिन, थ्रॉटल-चोक उघडे, बॅटरी चार्ज केलेली, सहा ठोके. पहिला ठोका आणि शेवटचा आकडा असं लिहितो.

१ : ८५, शेवटी १६२
२ : ८५, शेवटी १६०
३ : ५०, शेवटी १२०

मग प्रत्येकात चमचाभर ऑइल घालून परत घेतलं. १८०, १७८, १३३. तीनमध्ये १३ ने वाढलं, म्हणजे रिंगाच गेल्या ना?

टॅपेटकव्हर

नाही! उलट रिंगा निर्दोष सुटल्या म्हणा.

चमचाभर म्हणजे ५ मिली ऑइल. ३४.५ सीसीच्या जागेत ५ सीसी ऑइल बसलं तर उरली २९.५. रेशो ८.७ वरून १० वर गेला. म्हणजे ठणठणीत सिलिंडरमध्येही ऑइल घातल्यावर आकडा वाढणारच. तुमचे वाढलेले टक्के बघा : एक नंबर ११, दोन नंबर ११, तीन नंबरही ११. तिन्हीकडे सारखी वाढ, म्हणजे ऑइलने फक्त जागा व्यापली, गळती बुजवली नाही. तीनच्या रिंगा गळत असत्या तर तो १२० वरून १५०-१६० कडे उडाला असता.

एकाच संशयित सिलिंडरमध्ये ऑइल घालून "वाढलं, रिंगा गेल्या" असा निकाल बऱ्याच ठिकाणी देतात. निरोगी सिलिंडरची वाढ माहीत नसेल तर या टेस्टला अर्थ नाही.

पहिला ठोकाही तेच सांगतोय. रिंगा झिजल्या असतील तर काटा कमी वरून सुरू होतो पण ठोक्यागणिक चढत बऱ्यापैकी वर जातो. व्हॉल्व्ह गळत असेल तर कमी वरून सुरू होतो आणि कमीवरच अडकतो. धूर नाही, ऑइल खात नाही, ही त्याला पुष्टी.

हेड पॅकिंग (हेडखालचं गॅस्केट) उडालं असतं तर बहुधा शेजारची दोन सिलिंडरं जोडीने पडली असती, किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे आणि पाण्याची घट दिसली असती. तिन्ही सारखी पडली असती तर आधी टायमिंग बेल्टचा दात सरकलाय का ते बघायला सांगितलं असतं.

गॅसची गाडी आहे. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप, तपासा.

रविवारगॅरेज

+१ टॅपेट. एलपीजी, सीएनजी कोरडं इंधन आहे, शिवाय किटचं ट्यूनिंग लीन (हवा जास्त, इंधन कमी) असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो. सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह हेडात वर वर बसत जातो आणि त्याची दांडी रॉकरकडे सरकते. गंमत अशी की इथे झिजल्यावर टॅपेटचा गॅप वाढत नाही, कमी होतो. म्हणून आवाज येत नाही. टॅपेट वाजत नाही म्हणून सगळे खूश आणि आत व्हॉल्व्ह पूर्ण बंद होणं थांबलेलं. बंद झाला नाही की त्याची उष्णता सीटमध्ये जायला वाट राहत नाही, मग कड जळते.

गॅसच्या जुन्या गाडीत वाजणारं टॅपेट परवडलं, गप्प बसलेलं नको.

इंजिन रात्रभर गार करून टॅपेट कव्हर काढा. तीन नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणा, म्हणजे दोन्ही रॉकर मोकळे. फीलर गेज घालून बघा. गॅपचा आकडा मॅन्युअलमधलाच घ्या, गरम आणि गार याचे वेगळे असतात.

नवा_गिऱ्हाईक

मधेच विचारतो. जुनी गाडी विकत घ्यायला गेल्यावर मालक प्लग काढू देत नाही. तेव्हा काय करायचं?

घाटमाथा

तीन गोष्टी, हत्याराशिवाय.

इंजिन सुरू होऊ न देता सेल्फ ऐका. कार्ब्युरेटरच्या गाडीत कॉइलची वायर, इंजेक्शनच्या गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज काढून आतलं उरलेलं पेट्रोल संपू द्या. सगळे ठोके एका लयीत आले पाहिजेत. एका ठोक्याला सेल्फ झटकन पळत असेल तर ते सिलिंडर पोकळ आहे.

गरम इंजिनचं ऑइल भरायचं झाकण काढा. थोडी वाफ येणं ठीक. डोळ्यांना दिसेल असा धूर ठोक्याठोक्याने बाहेर फेकला जात असेल तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगा किंवा बोअर. पीसीव्हीचा पाइप (इंजिनातली वाफ खेचून घेणारा) तुंबलेला असेल तरी असंच दिसतं, तो आधी बघा.

आणि गाडी गार असताना जा. तुम्ही पोचायच्या आत कुणी इंजिन गरम करून ठेवलं असेल तर का, ते विचारा.

मालक तयार असेल तर व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीला) लावा, प्लगला हात लावावा लागत नाही. समुद्रकाठी आयडलला काटा १७ ते २१ इंचांवर स्थिर हवा, पुण्यात त्यातून दोन वजा करा. ठरावीक अंतराने काटा खाली टिचकी मारत असेल तर व्हॉल्व्ह.

डिझेलमामा

इथे वाचून कुणी डिझेलवर प्रयोग करायच्या आत लिहितो. पेट्रोलचा ३०० पीएसआयचा गेज डिझेलला लावाल तर गेज फुटेल. डिझेलला १००० पीएसआयपर्यंतचा गेज लागतो, तो ग्लो प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकात बसतो. जुन्या इंजिनांचे आकडे साधारण ३५० ते ४५० मध्ये येतात. इंजेक्टर काढलात तर खालचे तांब्याचे वॉशर नवेच टाका.

आणि डिझेलमध्ये ऑइल घालून टेस्ट कधीच करू नका. २२ च्या रेशोला वर जागाच इतकी थोडी असते की ऑइल जरा जास्त झालं तर पिस्टन अडून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

संथगती

टॅपेट बघितले. तीन नंबरच्या एक्झॉस्टमध्ये सगळ्यात बारीक पातं शिरत नाही. एक आणि दोनच्या एक्झॉस्टचाही गॅप मॅन्युअलपेक्षा कमी, पण आहे. इनलेट ठीक. सगळे सेट करून कॉम्प्रेशन घेतलं : १६४, १६२, १३१.

टॅपेटकव्हर

१२० वरून १३१. म्हणजे व्हॉल्व्ह आता सीटवर टेकतोय, पण कड किंवा सीट आधीच खराब झाली आहे. आता लीकडाउन टेस्ट करा, म्हणजे हेड काढायच्या आधी पक्कं कळेल.

गेजबहाद्दर

लीकडाउनची रीत : सिलिंडर कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या अगदी वरच्या टोकाला. दोन गेजच्या टेस्टरमधून १०० पीएसआय हवा सोडायची, दुसऱ्या गेजवर किती टिकतं ते बघायचं. ९० टिकलं तर गळती १० टक्के. दहापर्यंत उत्तम, विसापर्यंत जुन्या इंजिनाला माफ, तिसाच्या पुढे काम काढायचं.

आकड्यापेक्षा कान महत्त्वाचा. सायलेन्सरमधून सूं आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड पॅकिंग. रिंगांची फट असतेच, त्यामुळे झाकणातून थोडी हवा प्रत्येक इंजिनात येते, तिला घाबरू नका.

पिस्टन टोकापासून जरा सरकलेला असेल तर हवेच्या दाबाने इंजिन गर्रकन फिरतं. क्रँक पुलीवर पाना अडकवलेला ठेवू नका, हात मोडेल.

रविवारगॅरेज

लीकडाउन असेल तर कॉम्प्रेशन टेस्टची गरजच काय, असं काही जण म्हणतात. पटत नाही. लीकडाउनला इंजिन थांबलेलं असतं. कॅमचा इनलेट लोब (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) झिजून व्हॉल्व्ह अर्धाच उघडत असेल, रॉकर तुटला असेल, बेल्टचा दात सरकला असेल, तर लीकडाउन झकास येईल आणि सिलिंडरमध्ये हवाच भरणार नाही. ते पकडायला कॉम्प्रेशनच लागतं.

आणि दोन्ही टेस्ट मिळूनही सगळं सांगत नाहीत. ऑइल रिंग जाम झालेलं किंवा व्हॉल्व्ह सील कडक झालेलं इंजिन निळा धूर ओकत असतानाही आकडे सुंदर देतं, कधीकधी जास्तच, कारण जळलेल्या ऑइलचा कार्बन चेंबरमध्ये साचून जागा कमी करतो. बेअरिंगबद्दल, ऑइल प्रेशरबद्दल तर हे गेज एक अक्षर बोलत नाही. घट्ट ऑइल किंवा डबीतलं अ‍ॅडिटिव्ह ओतून आकडा दोन-चार दिवस फुगवताही येतो.

महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीचं रीडिंग घेऊन निकाल देणंही चूक. बोअर कोरडा असतो, रिंगा खाचेत चिकटलेल्या असतात, व्हॉल्व्हच्या सीटवर गंज असतो. ती गाडी आधी चालवा, मग मोजा.

संथगती

लीकडाउन : ९, १०, ३४. तीनला सायलेन्सरमध्ये स्पष्ट सूं. ऑइलच्या झाकणाशी तिन्हीकडे सारखीच, अगदी हलकी. म्हणजे हेड काढायचं, बोअर नाही. बरोबर?

टॅपेटकव्हर

बरोबर. टॉप ओव्हरहॉल, म्हणजे फक्त हेडचं काम. हेड काढल्यावर बोअर डोळ्यांनी बघालच : वरच्या टोकाला नखाला अडेल अशी कड आहे का, उभे ओरखडे आहेत का, होनिंगच्या (बोअरला शेवटचा हात देताना मारलेल्या) तिरप्या रेघा अजून दिसतात का. रेघा दिसत असतील तर पिस्टनला हात लावू देऊ नका.

"टॉप केलं की बॉटम (खालचे पिस्टन-रिंगा) जातं" असं कुणीतरी ऐकवेलच. पुण्यात १६० च्या पुढे देणाऱ्या आणि दहा टक्क्यांत गळणाऱ्या सिलिंडरांच्या बाबतीत ते मनावर घेऊ नका.

रविवारगॅरेज

लेथवाल्याला काय सांगायचं ते लिहून द्या, तोंडी नको. तिन्ही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे, एकच नाही. बाकीचे दोनही त्याच वाटेवर आहेत. गॅसवरच चालवणार असाल तर एक्झॉस्टच्या सीटा बदलून कडक धातूच्या बसवायला सांगा. नुसत्या कापल्या तर व्हॉल्व्ह आणखी आत बसतो, दांडी आणखी वर येते आणि टॅपेटच्या स्क्रूला सेटिंगला जागा उरत नाही. व्हॉल्व्ह गाइडमधला (दांडी सरकते त्या नळीतला) खेळ तपासा. गाइड ढिलं असेल तर नवी सीटही वर्षभरात वाकडी झिजेल. सगळे व्हॉल्व्ह सील नवे.

फेसिंग (हेडची खालची बाजू घासून सपाट करणं) मागितलं नाही तरी करतात, कारण त्याचे पैसे वेगळे. आधी सरळ पट्टी आणि फीलर गेजने बघा, हेड ०.०५ मिमीच्या आत सपाट असेल तर कशाला घासायचं? हेड परत आलं की उलटं ठेवून प्लग लावा, चेंबरमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल ओता आणि पोर्टातून ओल येते का ते पंधरा मिनिटं बघा. ओल आली तर तिथेच परत लॅपिंगला (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवायला) द्या.

हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने. हजार किलोमीटरला टॅपेट परत सेट करा, नव्या सीटा बसतात तेव्हा गॅप हलतो. पुढे गॅसवर दर १०,००० ला.

संथगती

आणि गॅस किटचं काय? तेच लीन असेल तर नव्या सीटाही जातील.

घाटमाथा

काढून ठेवलेले प्लग बघा. तीनही पांढरेफटक असतील तर मिश्रण लीन असू शकतं, किटवाल्याकडून सेट करून घ्या, आणि एअर फिल्टर व व्हॅक्यूमचे पाइप आधी तपासा. दिवसाचे पहिले दोन-तीन किलोमीटर पेट्रोलवर चालवा, कार्ब्युरेटरही सुकत नाही.